सामायिक : स्वतःच्या मनाचे साक्षी होण्याची साधना

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धार्मिक न्यासाच्या जीवनात पन्नास वर्षे पूर्ण होणे हा जसा आनंदाचा प्रसंग, तसाच तो हिशेबाचाही प्रसंग असतो. किती पूजा-विधाने झाली, किती दान जमा झाले, त्याचा विनियोग कसा झाला, याची नोंद अहवालात सापडते. सोलापूरच्या व्यापारी समाजाला कीर्द-खतावणीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. परंतु एक हिशेब असा आहे, की जो कोणत्याही वहीत मांडला जात नाही आणि कोणताही लेखापरीक्षक तपासत नाही. इतकी वर्षे देवदर्शन, स्वाध्याय आणि व्रते करणाऱ्या माणसाचे मन पूर्वीपेक्षा शांत झाले काय? हा हिशेब ज्याचा त्यानेच पाहावयाचा असतो.

या हिशेबाचा एक ठरलेला दिवस आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत दशलक्षण पर्व साजरे होते आणि त्यानंतर क्षमावाणीचा दिवस येतो. दशलक्षणातील पहिला धर्मही उत्तम क्षमा हाच आहे. पूर्वी क्षमापनेची छापील पत्रे पाठवली जात, आता मोबाइलवरून एकाच वेळी शेकडो जणांना संदेश जातो. परगावच्या ओळखीच्या माणसापासून दूरच्या आप्तापर्यंत सर्वांची क्षमा मागितली जाते. मात्र दुकानाच्या वाटणीवरून ज्या सख्ख्या भावाशी बोलणे बंद आहे, त्याचे नाव बहुधा त्या यादीत नसते. ज्याच्याशी कधी भांडणच झाले नाही, त्याची क्षमा मागणे सोपे आहे. ज्याच्या नावाने आजही छातीत काही आवळल्यासारखे होते, खरी क्षमावाणी त्याच्याच दारापाशी सुरू होते.

जैन शास्त्रकारांनी हे मानवी दौर्बल्य फार बारकाईने ओळखले होते. दहाव्या शतकात होऊन गेलेले आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी 'गोम्मटसार' या ग्रंथात क्रोधाला चार रेघांची उपमा दिली आहे. दगडावरची रेघ, जमिनीवरची रेघ, धुळीवरची रेघ आणि पाण्यावरची रेघ. रेघ चारही ठिकाणी उमटते, फरक असतो तो ती किती काळ टिकते यात. त्याच ग्रंथाच्या कर्मकांडात कषायांचा 'वासनाकाल' सांगितला आहे. कषाय वर दिसेनासा झाल्यावरही त्याचा संस्कार अंतरंगात जितका काळ राहतो, तो वासनाकाल. संज्वलन कषायाचा वासनाकाल अंतर्मुहूर्त, प्रत्याख्यानावरणाचा एक पक्ष आणि अप्रत्याख्यानावरणाचा सहा महिने. सहा महिन्यांच्याही पलीकडे जो वैरभाव जातो, तो अनंतानुबंधीच्या कोटीत येतो आणि त्याची साखळी संख्यात, असंख्यात किंवा अनंत भवांपर्यंत पोहोचू शकते. श्वेतांबर परंपरेत या मुदती काहीशा निराळ्या दिल्या आहेत. तेथे पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि आजन्म अशी गणना आहे. मोजमाप वेगळे असले तरी दोन्ही परंपरांचा इशारा एकच आहे.

हा इशारा साधा नाही. अनंतानुबंधी कषाय सम्यक्त्वाचाच घात करतो, असे शास्त्र सांगते. मोक्षमार्गाची पहिली पायरीच जेथे ढासळते, तेथे पुढच्या पायऱ्यांची सजावट काय कामाची? दहा वर्षे भावाचे तोंड न पाहणाऱ्या आणि नित्य अभिषेकाला मात्र पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या श्रावकाने हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

लोभासाठी दिलेल्या उपमा तर सोलापुरात अधिकच पटाव्यात. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या, सूत रंगवणाऱ्या या शहराला पक्का रंग कोणता आणि कच्चा कोणता, हे सांगावे लागत नाही. आचार्यांनी तीव्रतम लोभाला किरमिजी रंगाची उपमा दिली आहे. कापड फाटेल, पण तो रंग सुटणार नाही. त्याखालोखाल गाडीच्या चाकाचे वंगण आणि अंगावरचा मळ. आणि सर्वांत मंद लोभाला हळदीचा रंग म्हटले आहे, जो उन्हात टाकताच उडून जातो. मनाला लागलेला रंग हळदीचा की किरमिजी, हे ओळखावयाचे तर आधी त्या रंगाकडे पाहिले पाहिजे. न पाहता रंग ओळखता येत नाही.

पाहावयाचे म्हणजे नेमके काय, हे एका नित्याच्या प्रसंगावरून स्पष्ट होईल. सणाच्या दिवसांत कापडाच्या दुकानात गर्दी आहे. एक जुने गिऱ्हाईक येते आणि चार लोकांदेखत म्हणते, "तुमच्या कापडाचा रंग पहिल्याच धुण्यात गेला." दुकानदाराचे कान तापतात, श्वास जलद होतो, जिभेवर कठोर शब्द येतो. अपमानाचा प्रसंग आला, हा कर्माचा उदय आहे. तो टाळणे त्या क्षणी दुकानदाराच्या हाती नव्हते. परंतु त्या उदयात मिसळून जाऊन राग-द्वेष करणे, म्हणजे नव्या कर्माला दार उघडणे होय. उदय आणि नवा बंध यांच्यामध्ये एक क्षण असतो. अजागृत माणसाला तो दिसतही नाही. साधकाचा सारा पुरुषार्थ त्या एका क्षणात सामावलेला असतो.

समजा, दुकानदार तेथे गप्प बसला. म्हणजे तो शांत झाला काय? रात्री अंथरुणावर पडल्यावर तो मनातल्या मनात त्या गिऱ्हाइकाला उत्तरे देऊ लागतो. एकाहून एक धारदार उत्तरे सुचतात. गिऱ्हाईक आपल्या घरी सुखाने झोपलेले असते आणि दुकानदाराचे दुकान मात्र मध्यरात्रीही उघडेच असते. शास्त्रात यालाच आर्तध्यान म्हटले आहे. 'तत्त्वार्थसूत्रा'त आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. नको ते वाट्याला आल्याची तळमळ, हवे ते दुरावल्याची तळमळ, वेदनेची तळमळ आणि पुढील भोगांची आस. एकाग्रता येथेही असते, पण ती बांधणारी असते. म्हणूनच ध्यान येते की नाही, एवढेच पाहणे पुरेसे नाही. मन कशात गुंतले आहे, हेही पाहावे लागते.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. मनाचे अवलोकन म्हणजे मनाला दडपणे नव्हे. चौदा गुणस्थानांपैकी अकरावे उपशांतमोह आणि बारावे क्षीणमोह. अकराव्यात मोह पूर्णपणे दबलेला असतो. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घातले की गाळ तळाशी बसतो आणि पाणी स्वच्छ दिसते, तशी ती अवस्था आहे. परंतु गाळ भांड्यातच आहे. म्हणून इतक्या उंचीवर पोहोचलेला मुनीही अंतर्मुहूर्तात तेथून खाली येतो. बाराव्यात मात्र गाळ उरतच नाही, त्यामुळे तेथून पतन नाही. जर अकराव्या गुणस्थानाची ही कथा, तर दात आवळून राग गिळणाऱ्या संसारी माणसाची काय गत होईल? ओठ मिटले, पण भांडे हलताच गाळ वर येतो. घरात सून पाण्याचा पेला जरा जोरात ठेवते, आणि दुकानातला दबलेला राग तिच्यावर निघतो.

मग मार्ग कोणता? भगवान कुंदकुंदाचार्यांनी 'समयसारा'च्या संवर अधिकारात भेदविज्ञानाचा मार्ग दाखवला आहे. जाणणे हा आत्म्याचा स्वभाव आहे, क्रोध हा विकार आहे. क्रोध आला, हे ज्याला कळते, तो कळणारा क्रोधापासून भिन्न आहे. "मी रागावलो आहे" या जाणिवेच्या जागी "राग उत्पन्न झाला आहे" ही जाणीव आली, की रागाचा एक मोठा आधार सुटतो. ज्ञाता-द्रष्टा या शब्दांचा अर्थ पोथीत शोधण्याची गरज नाही. तो गल्ल्यावर बसून, स्वयंपाकघरात उभे राहून आणि सभेत मतभेद झाला असतानाही अनुभवता येतो.

या अनुभवाचा अभ्यास करण्यासाठीच सामायिकाची योजना आहे. दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. त्या अवधीत सावद्य व्यापारांचा त्याग करून सुख-दुःख, लाभ-हानी, शत्रू-मित्र यांच्या ठायी समभाव धरावयाचा. आचार्य उमास्वामींनी सामायिकाचे पाच अतिचार सांगितले आहेत. मन, वचन आणि काय यांची चुकीची प्रवृत्ती हे तीन, चौथा अनादर आणि पाचवा स्मृत्यनुपस्थान, म्हणजे काय करावयास बसलो होतो याचेच विस्मरण. मन भरकटते, हे आचार्यांना ठाऊक होते. म्हणून मन भरकटले तर निराश होण्याचे कारण नाही. ते भरकटल्याचे ध्यानात आले, तोच क्षण परत येण्याचा आहे. सामायिकात पुनःपुन्हा परत येणे, हाच अभ्यास आहे.

ज्याला अठ्ठेचाळीस मिनिटे जड वाटतात, त्याच्यासाठी कायोत्सर्ग आहे. सत्तावीस श्वासोच्छ्वासांत नऊ वेळा णमोकार मंत्र. क्रोध उसळताच उत्तर देण्यापूर्वी एवढा अवधी घेतला, तरी दगडावर उमटू पाहणारी रेघ धुळीवर उमटते. आणि दिवसअखेरीचे प्रतिक्रमण हा मनाचा रोजमेळ आहे. व्यापारी रोजमेळ दुसऱ्या दिवसावर टाकत नाही, कारण एका दिवसाची चूक महिन्याने शोधणे कठीण जाते. मनाच्या वहीलाही हाच नियम लागू आहे.

अलीकडच्या काळात अवलोकनाच्या या मार्गाकडे जगाचे लक्ष वेधले गेले आहे. तेरापंथ परंपरेत आचार्य तुलसी यांच्या सान्निध्यात आचार्य महाप्रज्ञ यांनी 1975 मध्ये प्रेक्षाध्यानाची पद्धत मांडली. प्रेक्षा म्हणजे खोलवर पाहणे. बौद्ध परंपरेतील विपश्यनेची शिबिरे इगतपुरी येथे सत्यनारायण गोयंका यांच्या मार्गदर्शनाखाली 1976 पासून होऊ लागली. या प्रयत्नांचा आदर करीत असतानाच जैन श्रावकाने हेही ध्यानी ठेवावे, की त्याच्या घरातील आसन आणि जपमाळ याच कार्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहत आहेत.

सोलापूरच्या समाजाला उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे याच नगरीचे. आपल्या न्यायोपार्जित संपत्तीचा उपयोग धर्म आणि समाज यांच्या उन्नतीसाठी करावा, अशी तीव्र इच्छा त्यांच्या मनात 1940 मध्ये उत्पन्न झाली. इच्छा शुभ होती, तरी त्यांनी लगेच रक्कम घोषित केली नाही. त्यांनी देशभर प्रवास करून अनेक जैन विद्वानांची मते प्रत्यक्ष आणि लेखी स्वरूपात गोळा केली. 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ सिद्धक्षेत्री विद्वानांना बोलावून त्यांच्यापुढे हा विषय ठेवला, आणि त्या विचारविनिमयातून जैन संस्कृति संरक्षक संघाची स्थापना झाली. त्या वेळी त्यांनी 30,000 रुपयांचे दान जाहीर केले आणि 1944 मध्ये सुमारे दोन लाखांची आपली संपूर्ण संपत्ती संघाला अर्पण केली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेने 'तिलोयपण्णत्ति'सारखे प्राचीन ग्रंथ प्रकाशात आणले. 16 जानेवारी 1957 रोजी त्यांनी समाधिमरण साधले. क्रोधाच्या लाटेपुढे थांबावे, हे सर्वांना मान्य असते. दानाच्या शुभ लाटेपुढेही थांबून तिची पारख करणे, हे मनाच्या अवलोकनाचे फार वरचे उदाहरण आहे. पन्नाशी गाठलेल्या कोणत्याही न्यासाने त्यातून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण कुंथलगिरीचे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथे 1955 मध्ये सल्लेखना धारण केली आणि छत्तीस दिवसांनंतर, 18 सप्टेंबर रोजी देह ठेवला. त्यापूर्वी 8 सप्टेंबर रोजी, अन्नत्यागाने देह क्षीण झालेला असताना, त्यांनी मराठीतून आपला अखेरचा उपदेश दिला. त्या उपदेशात त्यांनी नित्य आत्मचिंतनावर विशेष भर दिला. देह विझत असतानाही ज्याचे चित्त स्थिर आहे, त्याने शेवटची शिदोरी म्हणून आत्मचिंतनच हाती द्यावे, यातच त्या साधनेचे मोल दिसून येते.

बंधू-भगिनींनो, सुवर्णमहोत्सवाची तोरणे काही दिवसांनी उतरतील, स्मरणिका कपाटात जाईल. या निमित्ताने प्रत्येकाने एकच लहानसा संकल्प करावा. आज रात्री निजण्यापूर्वी काही काळ स्तब्ध बसून मनात कोणाच्या नावाची रेघ आहे, ते पाहावे. ती किती जुनी आहे, ते प्रामाणिकपणे मोजावे. सहा महिन्यांहून अधिक जुनी असेल, तर पुढच्या क्षमावाणीची वाट पाहू नये. त्या दारापर्यंतची वाट कदाचित दोन गल्ल्यांची असेल. दार उघडेल की नाही, हे समोरच्याच्या हाती आहे. परंतु पाऊल उचलले, की स्वतःच्या अंतरंगातली रेघ तेथेच पुसट होऊ लागते, आणि शांती म्हणतात ती याहून वेगळी नाही.

जय जिनेंद्र.