गाडीचा गंज आणि कंपनीची हमी
(मंडळाच्या मुधोळ येथील सभेत दिलेले भाषण)



मंडळाच्या सभेत गाडीच्या गंजावर भाषण, हे ऐकून काही जण गालात हसत आहेत, ते आम्हाला इथून दिसते आहे. हसा. पण सभा संपल्यावर बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीच्या मागच्या चाकावरच्या कमानीखाली एकदा बोट फिरवून पाहा. बोटाला तांबडी पूड लागली तर आजचा विषय आपलाच आहे असे समजा.

आम्ही बँकेत कर्जाच्या फायली सांभाळणारी माणसे. कापसाचे पैसे आले की डाउन पेमेंट भरायचे आणि उरलेली रक्कम पाच-सात वर्षांच्या हप्त्यांनी फेडायची, ही आपल्या भागात आता रीतच झाली आहे. हप्ते संपतात, आर.सी.वरून बँकेचा बोजा उतरतो आणि नेमके त्याच सुमारास पत्र्याला भोक दिसते. सहा-सात लाखांची वस्तू. जमीन, घर आणि लेकीबाळींची लग्ने सोडली तर कुटुंबाने केलेला हा सर्वांत मोठा खर्च. गॅरेजवाला म्हणतो, ‘पत्रा खाल्ला आहे, कापून नवा लावू.’ शोरूमवाला म्हणतो, ‘गंज वॉरंटीत येत नाही.’ दोघेही अर्धे खरे बोलतात. शोरूमवाला जे अर्धे सांगत नाही, त्यावर आज बोलायचे आहे.

गंज दोन जातींचा असतो. एक वरून येणारा. खडा उडाला, रंग निघाला, उघड्या पत्र्याला पाणी लागले. याची हमी कोणी देत नाही आणि मागूही नये. दुसरा आतून येणारा. दाराच्या तळाशी, दाराखालच्या पट्टीत, कमानीच्या दोन पत्र्यांमधल्या पोकळीत ओल राहते आणि पत्रा आतून सडत बाहेर येतो. बाहेर आधी रंगाला फुगा येतो, फुगा फुटला की भोक. कारखान्यात गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने कोपऱ्या-कोपऱ्यांत लेप चढवतात, काही पत्र्यांवर जस्ताचा थरही असतो. तो लेप कुठे नीट बसला आणि कुठे राहिला हे विकत घेणाऱ्याला कधीच दिसत नाही. म्हणून आतल्या गंजाचा जाब कंपनीला विचारणे हा आडमुठेपणा नव्हे.

आता हमीचे पाहू. साधी वॉरंटी आपल्याकडे बहुधा दोन-तीन वर्षांची. मारुतीने जुलै २०२४ पासून ती तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर अशी केली. परंतु काही कंपन्या याखेरीज एक निराळी हमी देतात, पत्र्याला आतून भोक पडण्याविरुद्धची. युरोपात ती बारा वर्षांपर्यंत असते. आपल्याकडे ती देणाऱ्या कंपन्या थोड्या आणि मुदतही कमी, तरी ती साध्या वॉरंटीपेक्षा लांब असते. काउंटरवरचा मुलगा ‘वॉरंटी संपली’ म्हणतो तेव्हा तो पहिल्या मुदतीबद्दल बोलत असतो. पुस्तिकेची मागची पाने त्याने वाचलेली नसतात आणि खरे सांगायचे तर आपणही वाचत नाही, कारण ती बारीक इंग्रजीत असतात. घरात कॉलेजात जाणारे कोणी असेल तर त्याला एका रविवारी बसवा. पैसे भरून वाढवून घेतलेली वॉरंटी बहुधा इंजिन आणि विजेच्या भागांची असते, पत्र्याची नव्हे. विम्यातही झीज आणि घसारा वगळलेला असतो, तेव्हा विम्याच्या दारात जाऊन उपयोग नाही.

हमीला अटी असतात. ठरलेल्या वेळी बॉडीची तपासणी करून शिक्का घेतलेला हवा. अपघातानंतर बाहेरच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग झालेला भाग हमीतून जातो. रसायनामुळे आणि समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे आलेला गंज वगळलेला असतो. यातली समुद्राची सबब आपल्याला लागू नाही. मुधोळपासून समुद्र किती दूर आहे हे नकाशावर दाखवता येते, आणि तसे लेखी उत्तर द्यावे. रसायनाची गोष्ट मात्र वेगळी. आपण काय करतो? दुकानातून डी.ए.पी.ची, युरियाची दोन पोती डिकीत टाकतो आणि शेतावर जातो. पोते फाटलेले असते, दाणे गालिच्याखाली जातात. खत हवेतली ओल ओढून घेते आणि त्या खारट पाण्याने पत्रा समुद्रकाठच्यासारखाच सडतो. फवारणीचा पंपही त्याच डिकीत. कंपनीचा माणूस गालिचा उचलून एक पांढरा दाणा दाखवतो आणि दावा तिथेच संपतो. खत ट्रॅक्टरने किंवा भाड्याच्या ऑटोने न्यावे, हे शंभर रुपयांचे भाडे परवडते.

दुसरी आपल्या मातीची गोष्ट. काळी माती चाकाच्या कमानीत आत चिकटून बसते आणि पाऊस उघडल्यावर आठ-आठ दिवस ओली राहते. बाहेरून गाडी धुऊन चकचकीत केली तरी आत गाळ तसाच. पाण्याचा पाइप खालून वर मारावा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक छिद्रे असतात, ती खराट्याच्या काडीने मोकळी ठेवावी. बासरला गंगेवर जाऊन गाडी धुणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, पुण्य लागत असेल पण गाळ निघत नाही.

आमच्या घरची गाडी २०१८ च्या दसऱ्याला नांदेडच्या एका शोरूममधून घेतली. पुस्तिकेत भोकाविरुद्ध सहा वर्षांची हमी होती. २०२३ च्या पावसाळ्यात दोन्ही मागच्या कमानींवर फुगे आले. शोरूममध्ये सांगितले, दगड लागून झाले आहे, बारा-पंधरा हजार खर्च येईल. आम्ही भांडलो नाही. चाकावरचे प्लास्टिकचे अस्तर आमच्यासमोर काढायला लावले, आतून फोटो घेतले आणि जॉबकार्डावर ‘ग्राहकाची तक्रार: आतून गंज’ असे लिहून घेतले. हे जॉबकार्डावरचे वाक्य फार महत्त्वाचे. बँकेत आम्ही रोज पाहतो, तोंडी बोललेल्याला किंमत नसते, शिक्क्याखाली लिहिलेल्याला असते. नकार द्यायचा तर तोही लेखी द्या म्हटले, तो काही दिला नाही. मग बिल, गाडी ताब्यात मिळाल्याची तारीख, दरवर्षीच्या शिक्क्यांची पाने आणि फोटो जोडून कंपनीच्या मुख्य कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले आणि त्याची प्रत शोरूमला दिली. दुसऱ्या पत्रानंतर कंपनीचा अभियंता आला. डावी बाजू आतून सडली आहे हे त्याने मान्य केले, उजवीकडे खड्याची खूण दाखवली आणि ती खरोखरच होती. डाव्या बाजूचा पत्रा कापून, नवा जोडून, रंगवून मिळाला. उजवीचे सहा हजार आम्ही भरले. काही मंडळी म्हणाली, अर्धेच मिळाले. आमच्या हिशेबाने जेवढे कंपनीचे होते तेवढे मिळाले.

इथे एक गोष्ट फायलीवाल्या माणसाची म्हणून सांगतो. कर्ज फिटले, ना-हरकत दाखला मिळाला की लोक उरलेले कागद रद्दीत घालतात. हमीची मुदत मात्र गाडी ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात आणि ती तारीख त्याच कागदांत असते. दाखला घेताना बँकेतल्या फाइलमधले बिल मागून घ्या. जुनी गाडी घेणाऱ्यांनीही पहिल्या मालकाकडून पुस्तिका आणि शिक्के मागावेत, कारण भोकाविरुद्धची हमी बहुधा गाडीबरोबर चालते.

कंपनीने ऐकलेच नाही तर? आता आपल्या मंडळाच्या मूळ विषयाकडे यावे लागते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडले नांदेड जिल्ह्यातून काढून आंध्र प्रदेशात घातली गेली. पुढे आदिलाबाद जिल्हा, २०१४ मध्ये तेलंगणा, २०१६ पासून निर्मल जिल्हा. पाट्या बदलल्या, पण आपली सोयरीक, बाजार आणि गाडीचे शोरूम पुष्कळांचे नांदेडलाच राहिले. १९८६ च्या ग्राहक कायद्यात तक्रार विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा जिथे व्यवहार घडला तिथेच करावी लागे. म्हणजे मुधोळच्या माणसाने गाडी नांदेडला घेतली तर प्रत्येक तारखेला नांदेडच्या फेऱ्या. दुसऱ्या राज्यात जाऊन भांडण्यापेक्षा गंजलेली गाडी बरी, असे म्हणून किती तरी जण गप्प बसले.

२०१९ च्या नव्या कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, हे बदलले. तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात आता तक्रार करता येते. शोरूम महाराष्ट्रात आणि कंपनी गुजरातेत किंवा हरियाणात असो, उत्तर द्यायला त्यांनी इकडे यायचे. सीमेवर राहणाऱ्यांना या कलमाइतके उपयोगी पडलेले दुसरे कलम आम्हाला अलीकडे दिसत नाही. शुल्कही जड नाही. वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर काही नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. वकील केलाच पाहिजे असे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, तिथे पुष्कळ प्रकरणे कंपनीशी बोलूनच मिटतात. कायद्यात निकालाला तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात याहून जास्त लागतात, हेही सांगून ठेवतो.

काय मागावे यातही शहाणपण लागते. २००६ मध्ये मारुती उद्योगाविरुद्धच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल तर कंपनीला अख्खी गाडी बदलायला लावता येत नाही. तेव्हा कमान गंजली तर कमान मागा, गाडी मागू नका. दुसरा खटला गोव्याचा. तिथल्या एका ग्राहकाने २०११ मध्ये नवी गाडी म्हणून पैसे भरले आणि हाती आली ती २००९ ची, काही शे किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली. खालच्या तिन्ही पायऱ्यांवर तो जिंकला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र टाटा मोटर्स या उत्पादकावरची जबाबदारी काढून टाकली. डीलर हा स्वतंत्र व्यापारी आहे, त्याने केलेले उत्पादकाला ठाऊक होते हे दाखवल्याशिवाय उत्पादकाला धरता येणार नाही, असे कारण दिले. यातून आपण घ्यायचे ते असे: तक्रारीत दोघांनाही प्रतिपक्ष करा, पण कोणाचा दोष कोणता ते वेगवेगळे लिहा. लेप अपुरा राहिला हे कंपनीचे, तपासणीचा शिक्का मारला पण तपासले नाही हे डीलरचे. आणि शक्य असल्यास जाणकार अभियंत्याचा लेखी अभिप्राय जोडा.

राहिल्या त्या गाड्या ज्यांची प्रत्येक हमी संपली आहे. दहा वर्षांची गाडी घेऊन एकटा माणूस गेला तर त्याला चहा देऊन परत पाठवतात. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा नावाच्या पिकअप गाड्यांच्या चासी गंजू लागल्या तेव्हा सुरुवातीला तेच झाले असणार. पण तक्रारी एका जागी जमल्या. २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० च्या टॅकोमांच्या चासीची गंजाविरुद्धची हमी पंधरा वर्षांवर नेली. पुढच्या वर्षांतल्या गाड्यांचा सामुदायिक दावा झाला आणि २०१६ मध्ये कंपनीने सुमारे पंधरा लाख गाड्यांसाठी ३.४ अब्ज डॉलरपर्यंत खर्चाची तडजोड मान्य केली. गंजलेल्या चासी कंपनीच्या खर्चाने बदलून मिळू लागल्या. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात सुधारणा होऊन १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचे अधिकार केंद्र सरकारला आले आहेत. सात वर्षांच्या आतील गाड्यांसाठी ही सोय आहे, आणि ठरावीक संख्येने तक्रारी आल्याशिवाय ते यंत्र हलत नाही. दारावरच्या गंजासाठी ते नाही. पण चासी, सस्पेन्शनचे जोड किंवा ब्रेकची नळी गंजत असेल तर तो जिवाचा प्रश्न आहे. तिथे प्रत्येकाने नोंद केलीच पाहिजे.

सरकारी कार्यालयाला अर्ज कोणत्या भाषेत करावा, असे वडीलधाऱ्यांनी विचारले होते. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. हक्क आहे तो आहे. कंपनीला लिहिताना मात्र इंग्रजीत लिहा, कारण तिथे घटनेचे कलम नव्हे, वॉरंटीचे कलम चालते. मजकूर लिहायला आम्ही आणि मंडळाचे दोन सभासद मदत करू.

वॉरंटीची पुस्तिका ग्राहकाच्या भाषेत, म्हणजे मराठीतही आणि तेलुगूतही द्यावी, असा ठराव करून आमदार-खासदारांकडे पाठवण्याची सूचना आम्ही आज सभेपुढे ठेवत आहोत. तेलुगू शेजाऱ्यांच्या सह्याही घ्याव्यात. गंज भाषा विचारून चढत नाही.

दाराशी एक वही ठेवली आहे. त्यात गाडीचे मॉडेल, वर्ष, कोणत्या गावच्या शोरूमची, गंज कुठे आणि आतून की बाहेरून, एवढे लिहा. नाव लिहिले नाही तरी चालेल, चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे पुरेत. एकाच मॉडेलच्या, एकाच जागी सडलेल्या आठ-दहा गाड्या निघाल्या तर पुढच्या महिन्यात सर्वांचे मिळून एकच पत्र कंपनीला जाईल.