चुन्याची भट्टी



आज बोलूया चुन्याविषयी…
आणि तो घडवणाऱ्या उष्णतेविषयी.

चुनखडीचा दगड वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.
भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापला,
की मात्र तो आतून बदलतो.
त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो.
आकार जवळपास तोच राहतो…
पण जवळजवळ निम्मं वजन उडून जातं.
उरते ती चुनकळी.

पुन्हा सांगते, उष्णतेने दगडाचा पदार्थच बदलला.

आच कमी पडली, तर खड्याचा गाभा कच्चा राहतो.
आच फार झाली, तर कळी घट्ट होते…
आणि पाणी लवकर घेत नाही.
जुने भट्टीवाले नुसत्या रंगावरून आच ओळखत.
मला या कसबाचं फार मोल वाटतं.

आता कळीवर पाणी पडू द्या.
ती तडकते, फसफसते, वाफा सुटतात.
खाली जाळ नाही, तरी पाणी उकळू लागतं!
कळी आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेतूनच ही उष्णता बाहेर पडते.
म्हणून चुना विरवताना डोळे जपा, मुलांना लांब ठेवा.

विरलेला चुना वाळूबरोबर घाण्यात मळत.
दगडी गोल चर… त्यात फिरणारं जड चाक.
आपल्या कितीतरी किल्ल्यांवर असे घाणे आजही दिसतात.

भिंतीतला चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड परत घेतो…
आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो.
त्याला जाळ लागत नाही.
लागतो तो ओलावा, आणि वेळ.
म्हणूनच गवंडी चुन्याचं बांधकाम कित्येक दिवस ओलं ठेवतात.