गिटारच्या दांडीवरील टवके

माळ्यावरची जुनी पेटी खालीं उतरवावी आणि तींतून घरांतील वडीलधाऱ्यांच्या हातची गिटार निघावी, असा प्रसंग शहरांतील कांहीं कुटुंबांना नवा नाहीं. तारा गंजलेल्या, पोटावर धूळ, आणि दांडीच्या पाठीवर दोनचार टवके उडालेले. धूळ कोणालाहि पुसतां येते. पण घरांतील उत्साही मंडळींचें लक्ष टवक्यांकडे जातें, आणि बाजारांतून लांकडाची लांबी आणून ते बुजविण्याची घाई सुरू होते. या घाईपायीं वाद्याचें जेवढें नुकसान होतें, तेवढें टवक्यांनीं सहसा केलेलें नसतें.

दांडीची पारख डोळ्यांपेक्षां हाताला अधिक. वादकाचा आंगठा तिच्या पाठीवरून अखंड सरकत असतो. म्हणून पहिली परीक्षा डोळे मिटून, आंगठा वरखालीं फिरवून करावी. जो टवका आंगठ्याला टोंचत नाहीं, तो दिसावयास कितीहि विद्रूप असो, तसाच राहूं द्यावा. अमेरिकन गायक विली नेल्सन यानें १९६९ सालीं घेतलेल्या मार्टिन गिटारच्या पोटाला वर्षानुवर्षांच्या वाजविण्यानें मोठें भोंक पडलें. कारागिरानें वाद्याला बळकटी दिली. भोंक तसेंच ठेवलें.

जो टवका टोंचतो, त्याविषयीं एकच प्रश्न विचारावयाचा: लांकूड दबलें आहे, कीं गेलें आहे? टेबलाची कड लागून पडलेला पोचा म्हणजे दबलेलें लांकूड. त्याचे तंतू जागच्या जागींच असतात, फक्त चेपलेले. त्यावर ओलसर सुती फडका ठेवून गरम इस्त्रीचें टोंक कांहीं क्षण टेकविलें कीं वाफ आंत शिरते, तंतू फुगतात आणि पोचा पुष्कळसा वर येतो. मात्र हा उपाय रोगण निघालेल्या उघड्या लांकडावरच करावा. जुन्या नायट्रोसेल्युलोज रोगणावर ओल व उष्णता एकत्र आली म्हणजे तें मऊ पडतें, पांढुरकें होतें.

गेलेलें लांकूड भरावेंच लागतें, आणि तेथें लांबीचें काम. लांबी म्हणजे एखाद्या चिकट द्रव्यांत कालविलेला बारीक भुसा किंवा पूड. तींतील ओलावा उडून गेला कीं ती आकसते. म्हणून खोल खांच एका दमांत भरूं नये. पातळ थर द्यावा, तो पुरता वाळूं द्यावा, मग दुसरा. शेवटचा थर किंचित उंच ठेवावा. या लांबीला लांकडासारखी रेषा नसते, रंगहि ती लांकडासारखा पीत नाहीं. महोगनीच्या दांडीवर ती ठिगळासारखीच दिसते. उथळ, पसरट ओरखड्यांत भरली तर घामानें आणि घासण्यानें तिच्या कडा सुटतात. अरुंद, खोल खांचेंत ती चांगली टिकते. खांच लांबलचक असेल तर त्याच जातीच्या लांकडाची चीप, रेषेला रेषा जुळवून, सरसानें बसविणें हें अधिक कष्टाचें पण अधिक इमानी काम.

पडदे ज्या पट्टीवर बसविलेले असतात, तिचें प्रकरण निराळें. ती पुष्कळदां शिसवी असते. महाराष्ट्रांतील जुन्या पलंगांना आणि कपाटांना लागे तेंच हें लांकूड. तारांखालीं नखांनीं पडलेले खळगे शिसवीचाच भुसा आणि सायनोअॅक्रिलेट हा झटपट चिकटणारा द्रव घालून भरतात. तत्पूर्वीं बोटांचें तेल व मळ काढला पाहिजे, नाहींतर भरण धरत नाहीं. हा द्रव डोळ्यांना झोंबतो. खिडकी उघडी असावी.

तड गेली असेल तर मात्र लांबीला हातहि लावूं नये. पोलादी तारांची मिळून ओढ सुमारें ७० किलो असते, आणि ती दांडीला सोसावी लागते. दांडीचें डोकें मागें कललेलें असतें, त्या वळणाशीं लांकडाच्या रेषा तुटक होतात; पडलेल्या गिटारी बहुधा तेथेंच मोडतात. अशा तडीला सरस आणि शिकंजा हवा, व तोहि जाणत्या कारागिराच्या हातचा. लांबीनें बुजलेली तड पुढें धड चिकटवितांहि येत नाहीं.

राहिलें घासणें. भरणाच्या चोहोंबाजूंस चिकटपट्टी लावून, लहानशा ठोकळ्यास बारीक कांचकागद गुंडाळून, भरण तेवढेंच खालीं आणावें. गुळगुळीतपणाच्या मोहानें सारी दांडी घासली तर मूळचें रोगण जातें, आणि दांडीची जाडी कमी होते. ती पुन्हां भरून काढण्याची लांबी बाजारांत मिळत नाहीं. मग थोडें रोगण, तें वाळेपर्यंत धीर, आणि नव्या तारा एकेक करून हळूहळू चढवाव्या.