स्वर आपले, किल्ली दुसऱ्याची

(संगीतक्षेत्रातील कार्यकर्त्यांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगीताच्या मेळाव्यात मी संगणकाविषयी बोलायला उभा राहिलो आहे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु चित्रपटाचे पार्श्वसंगीत रचणाऱ्यापासून शाळेच्या वाद्यवृंदासाठी स्वरलिपीचे कागद तयार करून देणाऱ्यापर्यंत, संगीतावर पोट भरणाऱ्या फार मोठ्या वर्गाची लेखणी आज संगणकात गेली आहे. ती लेखणी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न मला आपल्यापुढे ठेवायचा आहे.

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मेकम्यूझिक या अमेरिकी कंपनीने ‘फिनाले’ या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरचा पुढील विकास थांबवीत असल्याचे जाहीर केले. १९८८ साली बाजारात आलेले हे सॉफ्टवेअर. पाश्चात्त्य पद्धतीचे संगीत लिहिणाऱ्या, छापणाऱ्या आणि शिकवणाऱ्या कित्येकांनी त्यावर उभी हयात घालवली. कंपनीने दिलेले कारण असे, की ऑपरेटिंग सिस्टिम बदलत जातात, फिनालेच्या आज्ञावलीच्या ओळी कित्येक दशलक्ष झाल्या आहेत आणि तिच्यात नवी भर घालणे उत्तरोत्तर कठीण होत आहे. हे कारण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याच घोषणेत आणखी एक कलम होते. वर्षभरानंतर नव्या संगणकावर फिनाले अधिकृत करून मिळणार नाही! म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या घराची किल्ली कंपनीकडे, आणि जुना संगणक बिघडला की घर कायमचे बंद. वापरणाऱ्यांनी यावर असा गहजब केला, की काही दिवसांतच कंपनीला ते कलम मागे घ्यावे लागले. मित्रहो, हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. ते कलम तंत्राच्या अपरिहार्यतेतून आले असते, तर गहजबाने ते हटले नसते.

तंत्राची अपरिहार्यता नेमकी कोठे असते तेही पाहू. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची बोली निराळी असते आणि आज्ञावली शेवटी त्या बोलीतच उतरवावी लागते. ॲपल कंपनीने २००६ साली पॉवरपीसी सोडून इंटेलचे प्रोसेसर घेतले आणि २०२० च्या नोव्हेंबरात इंटेल सोडून स्वतःचा एम-१ आणला. दोन्ही वेळा जुन्या आज्ञावली चालाव्यात म्हणून तिने ‘रोझेटा’ नावाचा दुभाषी दिला. पहिला दुभाषी २०११ सालच्या ‘लायन’ आवृत्तीत काढून घेण्यात आला. दुसरा मॅकओएस २७ पर्यंतच पूर्ण स्वरूपात मिळेल, पुढे काही जुन्या खेळांपुरता उरेल, असे जून २०२५ मध्ये सांगण्यात आले. मधल्या काळात, २०१९ साली, ‘कॅटालिना’ने ३२-बिट आज्ञावली सरसकट बंद केल्या होत्याच.

पत्रे टंकणाऱ्यास यातून फारसा उपद्रव होत नाही. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर मात्र एखाद्या चाळीसारखे असते. मूळ आज्ञावली एकाची, तिच्यात बसवलेले व्हायोलिन दुसऱ्याचे, सभागृहाचा घुमारा देणारे प्लगइन तिसऱ्याचे. ही मंडळी एकाच प्रक्रियेत नांदत असतील, तर तेथे दोन बोली चालत नाहीत. चाळ नव्या बोलीत गेली की सर्व बिऱ्हाडांनी जायचे. त्यांतल्या एखाद्याच्या कर्त्याने धंदा बंद केला असेल, तर पाच वर्षांपूर्वीचे गाणे उघडते खरे, पण व्हायोलिन मुके असते. म्हणूनच अनेक स्टुडिओंत एक जुना संगणक इंटरनेटपासून तोडून, कोणताही बदल न करता, जपून ठेवलेला आढळतो. त्यापुढे उदबत्ती लावायची तेवढी बाकी असते. (हशा)

मी यंत्र फोडणाऱ्यांच्या पंथाचा नाही. नवे प्रोसेसर अधिक वेगवान आहेत, कमी वीज खातात, कमी तापतात. त्यांचा लाभ संगीतकारालाही होतो. आक्षेप आहे तो खर्चाच्या वाटणीला. निर्णय एका कचेरीत होतो आणि त्यामागची वेठ शेकडो ठिकाणी उपसली जाते. प्लगइन करणारे पुष्कळदा एकटेदुकटे कारागीर असतात. विकून झालेल्या मालासाठी त्यांना पुन्हा फुकट राबावे लागते. निर्णय घेणाऱ्याचे मात्र नवे संगणक खपतात.

याहून वेगळे घडूच शकत नाही काय? जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका व्यापारी प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६, अशी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली. तो ‘मिडी’ संकेत. त्यासाठी कोणी परवानाशुल्क घेतले नाही. त्या काळचा कीबोर्ड योग्य जोडणी वापरून आजच्या संगणकाशी बोलतो. आपल्याकडे भातखंडे १९३६ साली निवर्तले. त्यांच्या क्रमिक पुस्तकांतील बंदिश आजही कोणीही पान उघडून गाऊ शकतो, मुद्रकाची परवानगी लागत नाही.

तेव्हा आपली मागणी मोजकी असावी. उत्पादन बंद करणाऱ्याने आधी कुलूप काढावे, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरने काम खुल्या स्वरूपात बाहेर काढू द्यावे. स्वरलिपीसाठी म्यूझिकएक्सएमएल हे असे स्वरूप २००४ पासून आहे आणि म्यूझस्कोर हे मुक्त सॉफ्टवेअर ते वाचते.

मागणी मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. आपल्या प्रत्येक रचनेची म्यूझिकएक्सएमएल प्रत काढावी. सोबत पीडीएफ काढावी आणि महत्त्वाची असेल तर कागदावर छापावी, कारण या रूपांतरात स्वर टिकले तरी पानाची मांडणी बिघडते आणि ती नंतर हाताने सुधारावी लागते. ध्वनिमुद्रणातील प्रत्येक वाद्य स्वतंत्र ध्वनिफितीच्या रूपाने साठवावे. वीस वर्षांच्या कामासाठी हे एका रात्रीत होणार नाही. ते पुरे होईपर्यंत जुना संगणक भंगारात देऊ नये.