दाण्यातला किडा आणि त्याचे नाव



वसंत व्याख्यानमालेत किड्यांच्या नावांवर बोलायला आम्ही उभे राहिलो, याचे आपणांस नवल वाटले असेल. पण हे दिवस वाळवणाचे आहेत. घरोघरी ज्वारीला ऊन दाखविले जात आहे आणि पुढच्या पेरणीचे बियाणे बाजूला निघते आहे. जालना तर बियाण्यांचेच गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ येथेच काढली. अशा गावात बियाण्याच्या वैऱ्याची नीट ओळख असावी, एवढाच आमचा हेतू आहे.

ज्वारीच्या पोत्यात हात घातला म्हणजे बोटांवर चढणारा तो तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा आपण सर्वांनी पाहिला आहे. डोके पुढे निमुळते होऊन त्याची सोंड झालेली असते, म्हणून तो सोंडकिडा. सोंडेच्या टोकाशी बारीक जबडे असतात. मादी त्यांनी दाणा कोरते, भोकात एक अंडे घालते आणि वरून चिकट लिंपण देते. अळी आतच वाढते. दाणा वरून शाबूत, आतून पोकळ!

अशा सोंडवाल्यांच्या ६० हजारांच्या आसपास जाती जगात नोंदलेल्या आहेत. एवढ्या गोतावळ्याची नावे ठेवायची कशी? लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५८ साली प्राण्यांसाठी रीत घालून दिली : आडनाव आधी, नाव मागून. सोंडकिड्यांना त्याने ‘कर्क्युलिओ’ हे आडनाव दिले. धान्यातल्या किड्यासाठी रोमन लोकांचा हा जुनाच शब्द. १७६३ साली आपल्या या किड्याचे नाव त्याने ‘ओरायझी’, म्हणजे तांदळाचा, असे ठेवले. पुढे कुटुंब फार वाढले, तेव्हा शनहेर या स्वीडनमधीलच रेशीम कारखानदाराने १८३८ साली धान्यवाल्यांचे बिऱ्हाड वेगळे करून दिले. त्याचे नाव ‘सायटोफिलस’. अर्थ विचाराल, तर धान्याचा मित्र! असा मित्र वैऱ्यालाही न मिळो.

आता घोटाळा पाहा. १८५५ साली मोचुल्स्की याने याच्या एका भावंडाला ‘झीमेज’, म्हणजे मक्याचा, असे नाव दिले. दोघे दिसायला इतके सारखे, की कित्येक वर्षे विद्वानसुद्धा दोघांना एकाच नावाने हाक मारीत. दोन्ही किडे ज्वारीही खातात, तांदूळही खातात आणि मकाही खातात. तेव्हा नावातल्या धान्यावरून ओळख पटावी कशी? अखेर चिलीचे कीटकशास्त्रज्ञ कुशेल यांनी १९६१ साली निवाडा केला. खात्रीची खूण नराच्या जननेंद्रियावर असते : एकाचे वरून गुळगुळीत, दुसऱ्यावर दोन लांब खाचा. याचा परिणाम असा, की त्यापूर्वीच्या टिपणांत ‘ओरायझी’ असे लिहिले असले, तर ते नक्की कोणाविषयी आहे हे पुष्कळदा सांगता येत नाही. नाव चुकले, की त्याखाली लिहिलेले ज्ञानही अनाथ होते.

तथापि नाव बरोबर आले म्हणजे काम संपले, असेही नव्हे. हे आम्ही नुकसान सोसून शिकलो. आमची पुस्तकी विद्या तेव्हा नवी होती. बियाण्याच्या तुरीवर पांढरे ठिपके दिसले आणि चार बुटके किडे फिरताना आढळले. त्यांना सोंड नव्हती. हा सोंडकिडा नव्हे, असे आम्ही आईला ऐटीत सांगितले. ती म्हणाली, “सोंड नसू दे रे, तोंड आहे ना?” आम्ही हसलो. मृगात पोते सोडले, तर दाण्यादाण्याला गोल भोक! त्या साली बियाणे उधारीवर आणावे लागले.

आमचे वर्गीकरण खरे होते. तो कडधान्यातला भुंगेरा. त्याचे कुल पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे. इंग्रजीत मात्र दोघांनाही सर्रास ‘वीव्हिल’ म्हणतात. पण कुल निराळे म्हणजे रीत निराळी, हा पुढचा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. ते पांढरे ठिपके म्हणजे त्याची अंडी. ती सालीवर चिकटलेली असतात. म्हणून तुरीला वेळीच तेलाचा हात फिरविला असता तर ती मेली असती. सोंडकिड्याचे अंडे दाण्याच्या आत, तेथे हा उपाय पोचत नाही.

कपाशीचेही तसेच. अमेरिकेत कपाशीचा काळ ठरलेला बोंडातला सोंडकिडा भारतात नाही. आपली बोंडअळी ही पतंगाची अळी. २००२ साली परवानगी मिळालेला बीटी कापूस त्या अळीसाठी होता. पानांच्या कडा कुरतडणारे राखाडी सोंडे मात्र ‘मायलोसेरस’ घराण्यातले. गाय मार्शल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात त्यांच्या भारतातील जाती वर्णिल्या आहेत. त्यांच्यावर बीटीची मात्रा चालत नाही. दोघांना नुसते ‘कीड’ म्हणणारा शेतकरी एकाच्या औषधाचे पैसे दुसऱ्यावर घालवितो.

म्हणून विनंती एवढीच : उद्या वाळवण घालाल तेव्हा मूठभर दाणे ताटात घेऊन पाहा. सोंड आहे का, दाण्यावर अंडी आहेत का, भोक कसे आहे, हे आधी विचारा. नाव त्यानंतर सांगा, आणि उपाय त्याच्याही नंतर.