नाशवंत माल आणि विमानाचे पोट



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, नाटक असे विषय यावेत ही रीत आहे. आज आम्ही आपल्यापुढे आंबा, डाळिंब, बर्फ आणि भाकरी मांडणार आहोत. विषय बाजारी वाटेल. पण मैंदर्गीसारख्या गावात, जिथे बहुतेकांचे पोट शेतीवर आहे, तिथे बाजाराचा विषय हा घरचाच विषय असतो.

सोलापूरच्या विमानतळाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडण्यात आली. पुढे 2025 साली गोव्याकडे प्रवासी विमान उडाले. तेव्हापासून पारावर एकच बोलणे ऐकू येते : आता काय, सकाळी तोडले की संध्याकाळी दुबईला! हे बोलणे ऐकून आनंद व्हावा की काळजी वाटावी, हाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम फळाविषयी. झाडावरून तोडलेले फळ मेलेले नसते. ते श्वास घेत असते, स्वतःची साखर जाळत असते आणि स्वतःच्या उष्णतेने आणखी तापत असते. उष्णता दहा अंशांनी वाढली की हा श्वास दुपटीने-तिपटीने वाढतो. म्हणजे वैशाखात 42 अंशांच्या उन्हात बांधावर चार तास पडून राहिलेल्या पेटीचे जे दिवस गेले, ते पुढे कितीही थंड विमान मिळाले तरी परत येत नाहीत. थंडी आयुष्य वाढवीत नाही. उरलेले आयुष्य जपते, इतकेच.

बरे, थंडी तरी सर्वांना सारखी मानवते का? द्राक्षाला शून्य अंशाच्या आसपासची थंडी हवी. आंब्याला तीच दिली तर साल काळी पडते आणि गर नीट पिकत नाही. त्याला बारा-तेरा अंश पुरेत. गोठवलेल्या मालाला उणे अठरा लागतात. तेव्हा 'एक शीतगृह बांधा म्हणजे झाले' असे जे पुढारी सांगतात, त्यांना कोणत्या अंशाचे, असे अवश्य विचारावे.

थंडीचा व्यापार जुना आहे. 1833 साली अमेरिकेतील बोस्टनहून एक जहाज नैसर्गिक बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्यास पोचले. भरलेल्या 180 टनांपैकी सुमारे 100 टन शिल्लक होता. 1882 साली न्यूझीलंडहून 'डनेडिन' नावाच्या जहाजाने गोठवलेले मांस 98 दिवसांत लंडनला नेले आणि जगाच्या जेवणाचा नकाशा बदलला. विमान यानंतर आले. पण आजही गोठवलेला माल, म्हणजे कोळंबी, भाज्या, तयार पराठे, मुख्यतः जहाजानेच जातो. ते योग्यच आहे. गोठल्यावर घाई कसली? विमान हवे ते ताज्याला, ज्याचे आयुष्य दिवसांत मोजतात त्याला.

विमानाचा हिशेबही निराळा. आपल्याला वाटते, माल वजनावर जातो. विमानवाला वजन पाहतो आणि जागाही पाहतो, आणि यांपैकी जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतो. सहा हजार घन सेंटिमीटर म्हणजे एक किलो, हा प्रचलित नियम. साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद आणि तीस उंच असे खोके घ्या. आत माल सहा किलोचा असला तरी भाडे बारा किलोचे. शिवाय माल थंड ठेवण्यासाठी कोरडा बर्फ घातला, तर त्याचे वजन भरावे लागते ते वेगळेच. हा कोरडा बर्फ उणे 78 अंशांचा असतो आणि वितळून पाणी न होता त्याचा वायू होतो. बंद जागेत तो गुदमरवतो, म्हणून विमानाच्या नियमांत त्याची गणना धोकादायक पदार्थांत आहे. किती घातला हे खोक्यावर लिहावे लागते.

आणि हे विमान बहुधा स्वतंत्र मालवाहू नसते. आपण वर बसून प्रवास करतो, खाली पोटात आंबे असतात. मार्च 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली, तेव्हा ही पोटेही गेली आणि उरलेल्या जागेचे भाडे भडकले. त्याच साथीमुळे अमेरिकेचे तपासनीस येथे येऊ शकले नाहीत, आणि 2020 व 2021 असे दोन हंगाम अमेरिकेला आपला आंबा गेलाच नाही. माणसाचा प्रवास बंद पडला की फळाचाही पडतो, हे तेव्हा कळले.

आता आंब्याचीच गोष्ट पुढे नेऊ, कारण तीत या धंद्याचे सगळे खाचखळगे आहेत. अमेरिकेने अनेक वर्षे भारतीय आंब्याला दार बंद ठेवले होते. फळमाशी आणि कोयीतील भुंगेरे आपल्याकडे येतील, ही त्यांची भीती. अखेर तोड निघाली ती विकिरणाची. नाशिक जिल्ह्यातील लासलगावला कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात आंब्यावर किरणांचा मारा केला गेला आणि 2007 च्या एप्रिलअखेर पहिल्या पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या. जपानला हाच आंबा वाफेच्या उष्णतेतून काढून द्यावा लागतो. युरोपने तर 1 मे 2014 पासून, माशीची अळी सापडली म्हणून, आंबा बंदच केला. ती बंदी 2015 च्या जानेवारीत उठली. एकच फळ, पण जितके दरवाजे तितकी सोवळी!

आणि 2025 चा मे महिना. नवी मुंबईत विकिरण होऊन निघालेल्या आंब्याच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर अडवण्यात आल्या. कारण काय, तर विकिरणाच्या कागदपत्रांत त्रुटी. फळावर प्रक्रिया झाली होती, असे निर्यातदारांचे म्हणणे. नोंद नियमात बसत नाही, असे तिकडच्या अधिकाऱ्यांचे. माल परत आणा किंवा तिथेच नष्ट करा, असे दोनच मार्ग देण्यात आले. परत आणण्याचे भाडे कोण भरणार, आणि परत येईपर्यंत आंबा तरी राहणार का? तो नष्ट केला गेला. नुकसानीचा अंदाज सुमारे पाच लाख डॉलर. चांगला, पिकलेला, गोड आंबा कागदापायी कचऱ्यात गेला. ज्वारी असती तर कागद दुरुस्त होईपर्यंत कोठारात थांबली असती. नाशवंत मालाला अपील नसते.

म्हणूनच शहाणे लोक पुन्हा समुद्राकडे वळत आहेत. आपली द्राक्षे युरोपला शीतपेट्यांतून जहाजानेच जातात. 2022 साली केशर आंब्याची पेटी समुद्रमार्गे अमेरिकेला धाडून पाहिली, ती तीन आठवड्यांहून अधिक प्रवास करून पोचली. डाळिंबाचेही तेच : 2023 साली अमेरिकेला विमानाने नमुना गेला आणि पुढे जहाजाचा मार्ग धरला गेला. समुद्रही निर्वेध आहे असे नव्हे. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा नाशिकच्या द्राक्षांना आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले.

आता आपल्या घराकडे येऊ. आमच्या भागात मराठी बोलणारी कडक भाकरी म्हणते आणि कानडी बोलणारी खडक रोट्टी, चव एकच. पातळ थापलेली, भाजून पार सुकवलेली ही भाकरी महिनोन्महिने टिकते. शेंगाचटणीचेही तसेच. आमच्या आज्यांना बर्फ ठाऊक नव्हता. त्यांनी पाणीच काढून टाकले, म्हणजे कीड-बुरशीला राहायला जागाच उरली नाही. शिकायला परदेशी गेलेल्या पोरांना ही शिदोरी साध्या टपालाने जाते. तरी दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. मघाचा जागेचा हिशेब भाकरीला फार लागतो, कारण ती हलकी आणि पसरट. गच्च रचली नाही तर आपण हवेचे भाडे भरतो. आणि माउलीचे प्रेम कितीही असले तरी युरोपला पेढे किंवा लोणी धाडू नये. दुधाचे व मांसाचे पदार्थ तिथे टपालानेही आत घेत नाहीत, डबा सीमेवरच जातो.

आता कुणी विचारील, मग सोलापूरच्या विमानाचा आपल्याला उपयोग काय? लहान विमानाच्या पोटात पेट्या थोड्याच मावतात. परदेशी जाणाऱ्या मालाला जकात-तपासणी, रोगमुक्ततेचा दाखला, विकिरण किंवा गरम पाण्याचे कुंड हे सारे लागते, आणि ते आज मुंबईच्या बाजूला आहे. म्हणजे आपल्या डाळिंबाचा परदेशप्रवास अजून काही वर्षे तरी साडेचारशे किलोमीटरच्या रस्त्यानेच सुरू होणार. त्या रस्त्यावर वातानुकूलित गाडी हवी, आणि गाडीच्या आधी तोडणीपासून पहिल्या काही तासांत फळ थंड करणारी खोली हवी. आमच्या मते विमानतळाचे निवेदन घेऊन मंत्र्यांकडे जाण्याआधी दहा शेतकऱ्यांनी मिळून ती खोली, तिचा वीजपुरवठा आणि वीज गेल्यावर चालणारे यंत्र यांचा हिशेब मांडावा. तोडणी पहाटे व्हावी, पेटी सावलीत ठेवावी, आणि कोणत्या शेतातले फळ कोणत्या पेटीत गेले याची वही रोजच्या रोज लिहावी. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. वहीला दहा-वीस रुपये लागतील.