पिकअप घ्यायची की थार?

आम्ही जावळी तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. गेला महिनाभर बैठकीत एकच विषय: कर्ज काढून गाडी कोणती घ्यायची? पोरांचा हट्ट थारचा. आम्हालाही आवडली, खोटं कशाला बोला! चारही चाकांना जोर, चिखलातून निघते. पण स्ट्रॉबेरीचे क्रेट ठेवायचे कुठं? शिवाय पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्यानं माल नेता येत नाही. मग हप्ता कशातून फेडायचा?

पिकअप टनाहून जास्त माल उचलते. खोड एकच. साध्या पिकअपचा जोर मागच्या चाकांना. रिकामी असली की मागची बाजू हलकी पडते आणि पावसात चढाला चाकं जागीच फिरतात. त्यावर उपाय आहे, मागच्या चाकांवर वाळूची दोन-चार पोती टाकायची.

खरा वाद झाला तो अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं कसं, यावर. वरच्या वाडीपर्यंत रुग्णवाहिका चढत नाही. हौद्यात माणसं बसवायला कायद्यानं बंदी, आणि त्या धक्क्यांत पोटुशीला बसवायचं कुणाच्या जिवावर? शेवटी दुहेरी केबिनची पिकअप ठरली. आत पाच जण, मागं माल थोडा कमी.

ड्रायव्हर बाहेरचा नको. मोटारीच्या लायसनवर एकूण ७५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलंय. आमच्यातल्या दोघी शिकतायत. घाटात रिव्हर्स घेणं तेवढं अजून जमत नाही.